चहाच्या पानावरचा करपा: मित्रबुरशी आणि मित्रजिवाणू नेमके कसे वापरायचे

भाजी धुता येते, फळ सोलता येतं. चहाचं पान मात्र खुडल्यापासून वाळून डब्यात जाईपर्यंत एकदाही धुतलं जात नाही. ज्या कोंबावर फवारतो तोच कोंब कपात उतरतो. चहात जैविक नियंत्रणाला एवढं महत्त्व आहे ते यामुळेच. आणि ज्यांनी ते करून पाहिलं त्यांच्यापैकी अनेकांचा अनुभव वाईट आहे, हेही खरं. पानावर फोड दिसले, जैविक पावडर आणली, फवारली, फोड तसेच राहिले, पावडरीला नावं ठेवली आणि पुन्हा तांबं, म्हणजे तांबेयुक्त बुरशीनाशक, हातात घेतलं. यात पावडरीचा दोष बहुतेक वेळा नसतो, वेळ चुकलेली असते. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी किंवा बॅसिलस हा मित्रजिवाणू पानात शिरलेल्या रोगाला बाहेर काढत नाही. ते पानाच्या पृष्ठभागावर आधी जागा धरतात आणि नंतर येणाऱ्या बीजाणूला, म्हणजे रोगबुरशीच्या सूक्ष्म बीजाला, रुजू देत नाहीत. पुढची सगळी माहिती या एका गोष्टीवर बेतलेली आहे.

आधी रोग ओळखा

कोवळ्या पानावर येतो तो फोडांचा करपा, म्हणजे ब्लिस्टर ब्लाइट. एक्झोबेसिडियम व्हेक्सन्स ही त्याची बुरशी. आसामात १८६८ च्या सुमारास तिची पहिली नोंद झाली आणि १९४६ मध्ये ती दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या मळ्यांत पोहोचली. ती फक्त चहाच्या जिवंत पानावर आणि कोवळ्या देठावर जगते. मेलेल्या पानात ती टिकत नाही, दुसऱ्या कुठल्या पिकावर जात नाही, प्रयोगशाळेतल्या थाळीतही सहजासहजी वाढत नाही.

ती लवकर ओळखायची तर कोंब खुडून आभाळाकडे धरा. टाचणीच्या डोक्याएवढा, तेलाचा थेंब पडल्यासारखा अर्धपारदर्शक ठिपका दिसेल. तोच रोग, अगदी सुरुवातीचा. काही दिवसांत ठिपका वाढून गोल होतो, वरच्या बाजूला चकचकीत खळगा पडतो आणि खालच्या बाजूला त्याच जागी फुगवटा येतो. फुगवटा आधी मळकट दिसतो, मग त्यावर पांढरी मखमल धरते. ही मखमल म्हणजे बीजाणूंचा थर. ती दिसली तेव्हा त्या पानाने शेजारच्या झुडपांना रोग वाटायला सुरुवात केलेली असते. पुढे फोड तपकिरी होऊन वाळतो. कोवळ्या देठाला लागण झाली तर देठ वाकतो आणि तिथेच मोडतो. नुकसान सर्वांत जास्त होतं ते या देठांमुळे, कारण देठाबरोबर वरचा सगळा कोंब जातो.

जून पानावरचे करपे वेगळे. राखाडी करपा पेस्टालोशिऑप्सिस गटातल्या बुरशीमुळे येतो. पानाच्या कडेकडून तपकिरी डाग सुरू होतो, मधला भाग राखाडी पडतो, त्यात एकात एक वर्तुळं दिसतात आणि त्या वर्तुळांवर बारीक काळे ठिपके असतात. भिंग असेल तर हे ठिपके जरूर पाहा, निदान पक्कं होतं. तपकिरी करपा कोलेटोट्रायकम कॅमेलिएमुळे येतो आणि दिसायला त्याच्या जवळचाच असतो. या दोन्ही बुरशा जखमेतून आत शिरतात: कात्रीने चिरलेली पानं, यंत्राच्या पात्याने फाटलेले देठ, उन्हाने भाजलेली जागा. आणि या दोन्ही गळलेल्या पानात, छाटणीच्या कचऱ्यात तग धरून राहतात. म्हणून त्यांचा बंदोबस्त जमिनीवरही करावा लागतो. फोडांच्या करप्यात जमिनीवरच्या कचऱ्याला तेवढं महत्त्व नाही.

दोन गोष्टींनी फसगत होते. चहाचा ढेकण, म्हणजे हेलोपेल्टिस, कोवळ्या पानातून रस शोषतो तिथे गोल तपकिरी ठिपके पडतात. त्यांत फुगवटा नसतो, मखमलही नसते, आणि ते एका पानावर गर्दीने असतात. दुसरा लाल तांबेरा. नाव तांबेरा असलं तरी तो शैवालामुळे येतो. या दोन्हींवर ट्रायकोडर्मा फवारून काही मिळणार नाही.

दिवसांचं गणित

फोडांच्या करप्याचं एक चक्र, म्हणजे बीजाणू पानावर पडल्यापासून नवे बीजाणू उधळेपर्यंत, हवामानाप्रमाणे साधारण ११ ते २८ दिवसांचं असतं. खुडणीची फेरी ७ दिवसांची ठेवली, तर लागण झालेलं कोवळं पान मखमल धरायच्या आत टोपलीत येतं आणि चक्र तुटतं. फेरी १२-१४ दिवसांवर गेली की मळा स्वतःच बीजाणूंचा कारखाना होतो. त्यामुळे पावसाळ्यात वेळेवर खुडणी हेच पहिलं औषध. फेरीत सुटलेले कोंब आणि वाढ थांबलेले, मळ्यात ज्यांना बांजी म्हणतात ते कोंब, फेरीगणिक काढून टाका. तेवढ्यावर फोड आले तरी शेजारच्या ओळींना पुरतात.

छाटणीनंतर हा इलाज हातात राहत नाही. नवे फुटवे येतात, टेबल, म्हणजे झुडपाचा खुडणीचा सपाट माथा, बांधायचं असतं, त्यामुळे कित्येक आठवडे खुडणी बंद असते आणि सगळं पान कोवळं असतं. तेव्हाच पाऊस असेल तर रोगाला याहून चांगली संधी नाही. जैविक फवारणीची खरी गरज इथे आहे. मनुष्यबळ किंवा पैसा थोडाच असेल तर तो आधी छाटलेल्या तुकड्यावर खर्च करा.

दुसरं गणित पानाचं. आज फवारलेले जिवाणू आजच्या पानावर बसतात. चार-सहा दिवसांनी जे नवं पान उघडतं ते कोरं असतं. त्यावर मित्रही नसतो आणि शत्रूही नसतो, जो आधी पोहोचेल त्याची जागा. म्हणून जोरदार वाढीच्या काळात ७ दिवसांपेक्षा जास्त अंतर ठेवून केलेली जैविक फवारणी अर्धी वाया जाते. शेवटची फवारणी कितीही दाट केली तरी ती नव्या पानाला पुरत नाही.

हवेचा अंदाज घेणंही सोपं आहे. सलग ४-५ दिवस रोजचं ऊन सरासरी ४ तासांच्या खाली आलं, आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहिली आणि पानावर दहिवर उशिरापर्यंत टिकू लागलं, की फोडांच्या करप्याचे दिवस आले. उघडीप मिळून कडक ऊन पडलं की बीजाणू पटकन मरतात, तेव्हा फेरी लांबवता येते. उन्हाचे तास रोज वहीत लिहा. या एका आकड्याइतकी मदत दुसरं काही करत नाही.

कोणता मित्र कशासाठी

ट्रायकोडर्मा (व्हिरिडी, अॅस्पेरेलम, हार्जियानम) रोगबुरशीच्या धाग्याला विळखा घालते, कायटिनेज आणि ग्लुकानेज या विकरांनी तिची भिंत विरघळवते आणि आतलं अन्न खाते. हा प्रकार जिथे ओल टिकते तिथे उत्तम चालतो: जमिनीत, गळालेल्या पानांच्या थरात, छाटणीच्या कचऱ्यात. उघड्या पानावर ऊन आणि कोरडी हवा तिला लवकर संपवतात. राखाडी आणि तपकिरी करप्याचा जमिनीवरचा साठा कमी करायला मात्र तिच्याइतकं चांगलं काही नाही.

बॅसिलस सबटिलिस टिकाऊ आहे. तो कठीण कवचाचे अंतर्बीजाणू करतो, त्यामुळे ऊन, कोरडेपणा आणि साठवण या तिन्हींना तोंड देतो. इट्युरिन, फेंजायसिन यांसारखी द्रव्यं तो सोडतो, ती बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतात. पानावर फवारायला एकच निवडायचं असेल तर आमची पसंती बॅसिलसला.

स्यूडोमोनास फ्लुरोसन्स ओल्या पानावर झपाट्याने पसरतो, आजूबाजूचं लोह ओढून घेऊन बुरशीची उपासमार करतो आणि झुडपाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतो. पण त्याला अंतर्बीजाणू नसतात. उन्हात पडून राहिलेल्या पुडक्यात तो मेलेला असतो, पुडक्यावरची मुदत काहीही सांगो.

फोडांच्या करप्यासाठी चहाच्या पानावरच राहणारे जिवाणू वेगळे काढून तपासले गेले आहेत. ऑक्रोबॅक्ट्रम अँथ्रोपी हा त्यांतला एक. ते वाचून स्वतःच्या मळ्यातली पानं पाण्यात भिजवून, गूळ घालून घरी 'कल्चर' करायचा मोह होतो. तो टाळा. त्या पिंपात नेमकं काय वाढलं हे डोळ्यांना कळत नाही, आणि पानावरच्या काही जिवाणूंनी प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसांना आजार होतात. धुतलं न जाणाऱ्या पिकावर हा धोका कशाला घ्यायचा?

पुडक्यावरचा आकडा वाचा

'जैविक' या शब्दापेक्षा त्याखालचा सीएफयू हा आकडा महत्त्वाचा. एका ग्रॅममध्ये किंवा मिलिलिटरमध्ये जिवंत, वाढू शकणारे किती घटक आहेत ते तो सांगतो. पानावर परिणाम हवा तर फवारणीच्या पाण्यात दर मिलिलिटरला निदान १० लाख ते १ कोटी असं प्रमाण धरा.

आता हिशेब करून पाहा. ट्रायकोडर्माची टाल्कमधली, म्हणजे शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळलेली पावडर दर ग्रॅमला २० लाख सीएफयूची मिळते. ती ५ ग्रॅम प्रतिलिटर टाकली तर लिटरला १ कोटी, म्हणजे मिलिलिटरला फक्त १० हजार. लक्ष्याचा शंभरावा भाग. १० लाख गाठायला लिटरला अर्धा किलो पावडर लागेल, जे शक्यच नाही. ही पावडर शेणखतात वाढवायला चांगली आहे, पानावर फवारायला नाही. याउलट दर ग्रॅमला १० कोटी सीएफयूचा बॅसिलस १० ग्रॅम प्रतिलिटर घेतला तर मिलिलिटरला नेमके १० लाख येतात. १०० कोटी प्रतिमिलिलिटरचं द्रवरूप असेल तर २ मिली प्रतिलिटर पुरतं, २० लाख मिळतात. लेबलवर दिलेली मात्रा पाळायचीच, पण हा हिशेब करून मगच वस्तू निवडा.

खुडणी चालू असलेल्या मळ्यात शक्यतो द्रवरूप घ्या. टाल्कचा पांढरा थर कोवळ्या पानावर राहतो आणि खुडलेल्या मालातही दिसतो. छाटलेल्या तुकड्यात ही अडचण नाही.

खरेदी करताना उत्पादनाची तारीख पाहा. जुनं पुडकं स्वस्त मिळालं तरी सोडून द्या. आणल्यावर सावलीत, थंड जागी ठेवा, खतांच्या आणि रासायनिक बुरशीनाशकांच्या कपाटात नको. टिनाच्या छपराखालची कोठी दुपारी तापते, तिथे स्यूडोमोनास आठवडाभरही टिकेल असं धरू नका.

ट्रायकोडर्मा जिवंत आहे का, हे घरी पाहता येतं. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत मूठभर तांदूळ मोकळा, फडफडीत शिजवून घाला. तोंडावर कापड बांधून बरणी कुकरमध्ये अर्धा तास वाफवा. हाताला कोमट लागेल इतकी थंड झाली की स्वच्छ चमच्याने चिमूटभर पावडर घाला, हलवा, पुन्हा कापड बांधा आणि २५ ते २८ अंशांत, सावलीत ठेवा. दोन-तीन दिवसांत पांढरा कापूस दिसतो, चौथ्या ते सहाव्या दिवशी तो हिरवा होतो. व्हिरिडीला बहुधा ओल्या नारळासारखा वास येतो. भात चिकट झाला, आंबूस किंवा कुजका वास आला, काळी किंवा गुलाबी बुरशी धरली, तर पावडर मेलेली आहे किंवा तिच्यात भेसळ शिरली आहे. सहा दिवस काहीच आलं नाही तरी अर्थ तोच. ही फक्त जिवंतपणाची परीक्षा आहे, आकडा यातून कळत नाही. हा भात फवारणीसाठी वापरू नका. जिवाणूंची परीक्षा घरी होत नाही. मोठी खरेदी असेल तर नमुना प्रयोगशाळेत देऊन मोजणी करून घ्या.

फवारणीचा दिवस

वेळ दुपारी चारनंतरची. सूर्यातले अतिनील किरण पानावरच्या उघड्या जिवाणूला मारतात. संध्याकाळी फवारलं की त्याला रात्रभराची ओल मिळते आणि तो जागा धरतो. पुढचे ४-६ तास पाऊस नसेल अशी उघडीप निवडा. हलकं दहिवर चालेल, पण पानावरून पाणी ओघळत असेल तर थांबा, सगळं खाली जाईल.

पाणी आदल्या दिवशी भरून ठेवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं. उघड्या पिंपात २४ तास ठेवलं की ते बरंचसं उडून जातं. विहिरीचं किंवा झऱ्याचं पाणी असेल तर ही काळजी नाही, पण ते गढूळ नको. पाण्याचा सामू ६ ते ७ च्या आसपास असावा.

पंप शक्यतो वेगळाच ठेवा आणि त्यावर रंगाने मोठं 'जैविक' लिहा. वेगळा नसेल तर टाकी, नळी, दांडी आणि नोझल तीन वेळा ताज्या पाण्याने धुवा आणि दरवेळी पाणी नोझलमधून बाहेर काढा. टाकी धुतली पण नळीत तांब्याचं द्रावण राहिलं, हे सर्रास होतं आणि पहिल्या पंपातले जिवाणू तिथेच संपतात.

टाल्कची पावडर थेट टाकीत ओतू नका, गुठळ्या होतात आणि नोझल बसतं. १६ लिटरच्या पंपाला १० ग्रॅम प्रतिलिटरने १६० ग्रॅम पावडर लागते. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवून आधी सरसरीत पेस्ट करा, मग २ लिटर पाणी घालून पाच मिनिटं जोरात ढवळा. दहा मिनिटं ठेवा आणि निवळी दुहेरी मलमलीतून गाळून टाकीत घ्या. खाली बसलेल्या गाळात जिवाणू राहतातच, म्हणून त्यात आणखी लिटरभर पाणी घालून पुन्हा ढवळा आणि गाळा. उरलेला गाळ झुडपाच्या बुंध्याशी टाका. टाकी भरली की बिनभाराचा, म्हणजे नॉन-आयॉनिक स्टिकर (फवारा पानाला चिकटवणारं द्रव्य) त्याच्या लेबलवरच्या मात्रेने घाला. कपड्यांचा साबण किंवा पावडर घालू नका. कालवलेलं द्रावण त्याच संध्याकाळी संपवा. रात्रभर ठेवलेल्या टाकीत काय वाढेल याचा भरवसा नाही.

नोझल पोकळ शंकूचं, दाब २ ते ३ किलो. हेक्टरी साधारण ४०० लिटर पाणी धरा, म्हणजे १६ लिटरचे २५ पंप आणि वरच्या मात्रेने ४ किलो पावडर. फोडांच्या करप्यासाठी फवारा खुडणीच्या टेबलावर, वरच्या तीन-चार पानांवर बसायला हवा. झुडपाच्या पोटात पाणी घालून उपयोग नाही. राखाडी आणि तपकिरी करप्यासाठी उलट: दांडी आडवी घालून आतल्या जून पानांच्या दोन्ही बाजू भिजवा. पानाच्या टोकावरून थेंब गळायला लागला की पुढे सरका. काम चालू असताना दर काही मिनिटांनी टाकी हलवा. पावडर हाताळताना नाकावर मास्क आणि हातात मोजे हवेत. जिवाणू निरुपद्रवी असले तरी टाल्कची धूळ फुफ्फुसाला चांगली नाही.

केव्हा केव्हा फवारायचं

छाटलेल्या तुकड्यात फुटवे दोन-तीन पानांचे झाले की पहिली फवारणी, मग ओलसर हवा असेपर्यंत दर ७ दिवसांनी, टेबल बांधून खुडणी सुरू होईपर्यंत. सलग तीन-चार दिवस धो धो पाऊस झाला तर पहिली उघडीप मिळताच पुन्हा फवारा, सात दिवस मोजत बसू नका.

खुडणी चालू असेल तिथे फवारणी खुडणीच्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी करा. याचे दोन फायदे आहेत. पुढच्या खुडणीपर्यंत पूर्ण फेरीचं अंतर मिळतं, आणि खुडल्याने झालेल्या ताज्या जखमेवर मित्र आधी पोहोचतो. लेबलवर खुडणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असेल तर तेच अंतिम.

कात्रीने किंवा यंत्राने खुडणी होते तिथे हा दुसरा फायदा फार मोठा आहे. यंत्राचं पातं देठ कापतंच, शिवाय खालची जून पानंही अर्धी चिरतं. चिरलेली कड दुसऱ्या दिवशी तपकिरी पडते आणि राखाडी करपा तिथूनच सुरू होतो. पात्याला धार नसेल तर पान कापण्याऐवजी फाटतं आणि जखम दुप्पट होते. धार लावणं हे इथे रोगनियंत्रणाचंच काम आहे. यंत्रखुडणीनंतर २४ तासांच्या आत बॅसिलसचा हात द्या.

जमिनीवरचं काम

राखाडी आणि तपकिरी करप्यासाठी पावसाळ्याच्या आधी ट्रायकोडर्माचं खत तयार करा. पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत १०० किलो, त्यात १ किलो ट्रायकोडर्मा पावडर थराथराने मिसळा. सावलीत फूटभर उंचीचा ढीग करा, ओल्या गोणपाटाने झाका. ओल किती? मूठ आवळली तर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. तीन-चार दिवसांनी खालीवर करा. १०-१५ दिवसांत ढिगात पांढरट-हिरवी वाढ दिसेल, मग झुडपाच्या बुंध्याभोवती मूठ-दोन मूठ पसरून गळालेल्या पानांखाली मिसळा.

इथली नेहमीची चूक म्हणजे अर्धवट कुजलेलं शेण. ते आतून तापतं आणि त्या उष्णतेत ट्रायकोडर्मा मरते. ढिगात हात घातल्यावर गरम लागलं तर ते खत अजून तयार नाही. दुसरी चूक म्हणजे राख किंवा चुना मिसळणं. चहाची जमीन आम्लधर्मी असते, सामू ४.५ ते ५.५ च्या घरात. ट्रायकोडर्मालाही आम्लताच मानवते, तेव्हा तिथे ढवळाढवळ नको.

छाटणीचा कचरा मळ्यातच आच्छादन म्हणून ठेवावा, जमिनीला त्याचा फायदा आहे. त्यावर याच खताचा हलका थर द्या, म्हणजे रोगबुरशीच्या आधी मित्रबुरशी त्यावर बसते.

कशाबरोबर काय नको

तांबं, म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा कॉपर हायड्रॉक्साइड, जिवाणूंना मारतं. स्यूडोमोनास तर तग धरतच नाही. तांब्याची फवारणी झाली असेल तर ७ ते १० दिवस थांबून मगच जिवाणू फवारा. कार्बेन्डाझिम आणि हेक्झाकोनॅझोलसारखी बुरशीनाशकं ट्रायकोडर्माला मारतात, तीही बुरशीच आहे हे विसरलं जातं. स्ट्रेप्टोमायसिनसारखं प्रतिजैविक फवाऱ्यात कधीच नको.

ट्रायकोडर्मा आणि स्यूडोमोनास एकाच टाकीत टाकायची पद्धत बरीच दिसते. स्यूडोमोनासचे काही वाण बुरशीविरोधी द्रव्यं सोडतात आणि ती मित्र-शत्रू असा भेद करत नाहीत. दोन्ही एकत्र चालतात असं उत्पादकाने लेखी दिलेलं नसेल तर एक जमिनीला, एक पानाला असं वाटून द्या. कायटोसान या कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून केलेल्या द्रव्यामुळे झुडपाची प्रतिकारशक्ती वाढते हे खरं, पण ते स्वतः जिवाणूरोधक आहे, म्हणून वेगळ्या दिवशी फवारा.

सावली आणि छाटणी

दाट सावलीखाली पान दुपारपर्यंत ओलं राहतं, तिथे कितीही फवारा मारला तरी रोग हटत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर सावलीच्या झाडांच्या फांद्या विरळ करा, म्हणजे उघडिपीतलं ऊन टेबलापर्यंत पोहोचेल. छाटणीचा महिना असा निवडा की फुटवे येण्याचा काळ झडीच्या दिवसांत अडकणार नाही. नत्र एकाच वेळी जास्त देऊ नका, पान मऊ आणि पाणीदार होतं.

उतार पडतोय का, हे मोजा

प्रत्येक तुकड्यात एक-दोन ओळी मुद्दाम न फवारता सोडा आणि तिथे खूण बांधा. त्या ओळी नसतील तर रोग फवारणीने कमी झाला की उन्हाने, हे कधीच कळणार नाही. दर फेरीला तुकड्याच्या वेगवेगळ्या भागांतून १०० कोंब घ्या, एकेक आभाळाकडे धरून पाहा आणि ठिपका किंवा फोड असलेले मोजा. फवारलेल्या आणि सोडलेल्या ओळींचे आकडे वेगळे लिहा, शेजारी त्या आठवड्याच्या उन्हाचे तास लिहा.

१०० पैकी ५-१० कोंबांवर ठिपके असतील तर फेरी सात दिवसांवर आणा आणि जैविक फवारणी चालू ठेवा. आकडा २० च्या वर गेला आणि झड लागलेली असेल, तर केवळ जिवाणूंच्या भरवशावर राहू नका, आमचं मत स्पष्ट आहे. आधी फोड असलेले कोंब खुडून मळ्याबाहेर काढा, परवानगी असलेल्या तांब्याची एखादी फवारणी घ्या, खुडणीचं अंतर पाळा आणि दहा दिवसांनी पुन्हा जिवाणूंवर या. एका फवारणीसाठी सगळा हंगाम रासायनिक करायची गरज नसते.

दोन-तीन फेऱ्यांनंतरही फवारलेल्या आणि सोडलेल्या ओळींत फरक दिसला नाही, तर या क्रमाने शोधा: पुडकं जिवंत होतं का, मिलिलिटरला किती सीएफयू पडले, पंपात तांबं होतं का, फवारणी दुपारच्या उन्हात झाली का, दोन फवारण्यांत किती दिवस गेले. शेवटचं उत्तर सातपेक्षा जास्त असेल तर वरचे प्रश्न बाजूला ठेवा, आधी ते अंतर कमी करा आणि पुढच्या फेरीला पुन्हा १०० कोंब मोजा.